परदेशातून येताय? यूपीआयची सोय निघण्याआधीच लावा

गणपतीला, दिवाळीला किंवा लग्नसराईत परदेशातून घरी येणाऱ्यांकडे पैसे असतात, अडचण येते ती पैसे देताना. बँकेत रक्कम असते, पाकिटात दोन-दोन क्रेडिट कार्डं असतात आणि तरी कोपऱ्यावर चहा प्यायचा तर भाच्याला हाक मारावी लागते, "अरे, जरा स्कॅन कर ना." पहिले दोन दिवस त्याचं कुणाला काही वाटत नाही. नंतर मात्र टोरांटोत आयुष्यभर स्वतःचा संसार चालवलेल्या मावशीला मंडईत गजरा घ्यायलाही सोबतीला माणूस हवा असतो, आणि ते तिच्या मनाला लागतं. परदेशी जावई किंवा सून पहिल्यांदाच येत असेल तर पंचाईत आणखी मोठी.

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी निघण्याच्या महिनाभर आधी कामाला लागावं लागतं. कोणती कामं करायची हे तुमच्याकडे भारतातलं बँक खातं आहे का आणि त्याला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे, यावर ठरतं. इथे वाट पाहणाऱ्या घरच्यांनीही हे वाचावं, कारण काही कामं इथूनच करावी लागतात.

आपलं कार्ड तिथे का चालत नाही

यूपीआय ही सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने, म्हणजे एनपीसीआयने, एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात तिच्यावर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. भाजीवाल्याकडे कार्डाचं मशीन नसतं, कारण त्याला त्याची गरजच पडलेली नाही. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क द्यावं लागत नाही, आणि क्यूआर कोडचा कागद छापायला काय लागतं?

यूपीआयची मुळं भारतातल्या बँक खात्यात आहेत. खातं, त्या खात्याला नोंदवलेला मोबाइल नंबर आणि त्या नंबरचं सिम ज्यात आहे तो फोन, या तिन्हींची गाठ बसली की यूपीआय चालू होतं. परदेशी बँकेचं कार्ड तिथे जोडताच येत नाही. "मी अमेरिकेत रोज गुगल पे वापरतो, इथे का चालत नाही?" हा प्रश्न हमखास येतो. ॲपचं नाव एकच असलं तरी तिकडे ते कार्डावर चालतं आणि इकडे बँक खात्यावर. मॉलमध्ये किंवा मोठ्या हॉटेलात कार्डाच्या मशीनवर तुमचा तिकडचा फोन टेकवून पैसे जातीलही, पण रिक्षावाल्याच्या क्यूआर कोडला त्याचा उपयोग नाही.

भारतात खातं आहे आणि इथलं सिमही जिवंत आहे

ही सर्वांत सोपी स्थिती. तरी एक गोष्ट आधी तपासा. परदेशात राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथल्या रुपयांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं, हा परकीय चलन कायद्याचा नियम आहे. पुष्कळ जणांनी हे केलेलंच नसतं आणि वर्षानुवर्षं जुन्याच खात्यावरून व्यवहार चालू असतात. बँकेला कळल्यावर खातं अडकतं, आणि नेमकं सुट्टीत अडकलं तर सुट्टी शाखेच्या खेपा घालण्यात जाते. ते आधी निस्तरा.

दुसरं, वर्षभर ज्या यूपीआय आयडीवरून एकही व्यवहार झालेला नाही तो बंद करायला एनपीसीआयने ॲपवाल्यांना सांगितलेलं आहे. दोन वर्षांनी एकदा येत असाल तर जुनं ॲप उघडून "हे चालेलच" असं धरू नका, नोंदणी पुन्हा करावी लागेल असं समजूनच या. सिमचंही तसंच आहे. बराच काळ वापर आणि रिचार्ज झाला नाही तर कंपनी नंबर काढून घेते आणि तो पुढे दुसऱ्याला मिळतो. घरच्या कुणाकडे तरी त्या सिमच्या रिचार्जची जबाबदारी देऊन ठेवा.

खातं आहे, पण फोन नंबर परदेशातला

जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने दहा देशांच्या नंबरांवर यूपीआय चालवायला परवानगी दिली. ते देश असे: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन. पुढे फ्रान्स आणि मलेशिया यांची भर पडली. खातं एनआरई (परदेशातली कमाई इथे ठेवायचं खातं) किंवा एनआरओ हवं. भीम, फोनपे आणि काही बँकांची स्वतःची ॲप ही सोय देतात, पण तुमची बँक त्यात आहे का हे बँकेलाच विचारा.

आता क्रमाने काय करायचं ते सांगते.

पहिलं काम म्हणजे बँकेत तुमचा सध्याचा परदेशी नंबर नोंदवलेला आहे याची खात्री करणं. वीस वर्षांपूर्वी खातं उघडताना बाबांचा नंबर दिला होता आणि तोच अजून चालू आहे, असं फार घरांत असतं. नंबर बदलायला काही बँका नेट बँकिंगवर सोय देतात, काही सहीचा कागद मागतात, काही प्रत्यक्ष शाखेत बोलावतात. महिनाभर हाताशी ठेवा असं म्हटलं ते मुख्यतः यासाठी.

दुसरं, खात्याचं डेबिट कार्ड शोधा आणि त्यावरची मुदत बघा. यूपीआयचा पिन ठरवताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष विचारतात. आईच्या कपाटात जपून ठेवलेलं कार्ड निघतं तेव्हा त्याची मुदत संपलेली असते, आणि नवीन कार्ड टपालाने यायला वेळ जातो.

तिसरं, ॲपची नोंदणी परदेशातून, घरी बसूनच करून टाका. नोंदणीच्या वेळी ॲप तुमच्या फोनवरून आपणहून एक एसएमएस पाठवतं आणि हा नंबर याच फोनमध्ये आहे हे बँकेला त्यावरून कळतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. तो एसएमएस परदेशातून भारतात जाणार असतो, म्हणजे तुमच्या प्लॅनमध्ये आंतरराष्ट्रीय एसएमएस चालू हवा. दोन सिमचा फोन असेल तर ॲपने विचारल्यावर बँकेत नोंदवलेलं सिमच निवडा. नोंदणी पूर्ण होईपर्यंत ॲप बंद करू नका, दुसरीकडे जाऊ नका.

प्रवासापुरतं मिळणारं, फक्त इंटरनेट देणारं ई-सिम घेऊन ही नोंदणी होत नाही, कारण त्याला बँकेत नोंदवलेला नंबर नसतो. इथे आल्यावर इंटरनेटसाठी ते जरूर वापरा, पण मूळ सिमही फोनमध्येच राहू द्या. ते काढून मोठ्या हौसेने भारतीय सिम घातलं की ॲप पुन्हा पहिल्यापासून नोंदणी मागतं.

नव्याने नोंदणी झाल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. नंतर सर्वसाधारणपणे दिवसाला १ लाखापर्यंत व्यवहार होतात, काही बँका मर्यादा कमी ठेवतात. पैठणीच्या दुकानात शिरायच्या सकाळीच ॲप चालू केलं तर बिल देताना खोळंबा होईल.

एनआरई आणि एनआरओ दोन्ही खाती असतील तर ॲपला एनआरओ जोडा. एनआरई खात्यात इथले रुपये सहज जमा होत नाहीत. जेवणाचं बिल तुम्ही भरलं आणि चुलतभावंडांनी आपापला वाटा परत पाठवला, तर तो एनआरओमध्येच यायला हवा.

भारतात खातंच नाही

परदेशी पासपोर्टवर येणारा जावई, त्याचे आईवडील, मुलांचे मित्र, किंवा नुसतेच महाराष्ट्र आणि गोवा पाहायला निघालेले पाहुणे यांच्यासाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाची सोय आहे. हे रुपयांचं प्रीपेड पाकीट असतं आणि त्याला यूपीआय जोडलेलं असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या निमित्ताने मुंबई, दिल्ली आणि बंगळुरू विमानतळांवर ते सुरू झालं. आयसीआयसीआय बँक, आयडीएफसी फर्स्ट बँक, पाइन लॅब्स आणि ट्रान्सकॉर्प यांना ते द्यायची परवानगी प्रथम मिळाली. पुढे २०२४ मध्ये ते सगळ्याच देशांच्या प्रवाशांना खुलं झालं. सध्या कोण देतं हे निघण्याच्या आठवड्यात एनपीसीआयच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं.

पासपोर्ट आणि वैध व्हिसा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमात त्यांची प्रत्यक्ष पडताळणी सांगितलेली आहे, त्यामुळे विमानात बसण्याआधी सगळं पुरं होईल असं धरू नका. ॲप उतरवून ठेवा, माहिती भरून ठेवा, पडताळणी कुठे होणार ते विचारून ठेवा. ती झाली की परदेशी कार्डाने किंवा काउंटरवर परकीय चलन देऊन पैसे भरायचे, पिन ठरवायचा आणि स्कॅन करायला लागायचं. पैसे भरताना शुल्क आणि चलनबदलाचा दर दोन्ही बघा. दर आठवड्याला थोडेथोडे भरणं आणि एकदाच भरणं यात फरक पडू शकतो.

ओसीआय कार्डावर, म्हणजे मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्यांना मिळणाऱ्या कार्डावर, येणाऱ्यांकडे व्हिसा नसतो. त्यांनी पाकीट देणाऱ्या कंपनीला हा प्रश्न आधीच विचारावा. वरचेवर येणं होत असेल तर ओसीआयवाल्यांनी सरळ एनआरओ खातं उघडावं असं माझं ठाम मत आहे. तो हक्क त्यांना आहेच, आणि दर वेळची धावपळ वाचते.

या पाकिटाची एक मोठी मर्यादा कुणी आधी सांगत नाही: त्यातून फक्त दुकानदारांना पैसे देता येतात, माणसाने माणसाला पाठवता येत नाहीत. दिसायला सगळे क्यूआर कोड सारखेच असतात, पण काही धंद्याच्या नावाने नोंदवलेले असतात आणि काही त्या माणसाच्या वैयक्तिक खात्याचे. शहाळेवाल्याने मुलाच्या फोनवरच्या क्यूआर कोडची प्रिंट काढून गाडीला चिकटवली असेल, तर तिथे वन वर्ल्डचा व्यवहार फसेल. दोष ना पाहुण्याचा, ना शहाळेवाल्याचा. अशा वेळी रोख द्यावे. यजमानांनी हे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावं, नाहीतर भर बाजारात त्यांना उगाच चुकल्यासारखं होतं.

प्रत्यक्ष पैसे देताना

खाण्यापूर्वी, बसण्यापूर्वी विचारा: "ऑनलाइन चालेल का?" रिक्षात तर नक्कीच. उतरल्यावर विचारलं आणि नाही म्हणाले तर सुट्ट्यांची शोधाशोध सुरू होते.

दुकानात दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे क्यूआर कोड मांडलेले दिसतील. तुमचं ॲप कोणतंही असो, त्यातला कोणताही चालतो. फोनपेचा कोड गुगल पेने स्कॅन होतो, पेटीएमचा भीमने. फोनच्या साध्या कॅमेऱ्यापेक्षा पेमेंटच्या ॲपमधूनच स्कॅन करा.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत कोथिंबिरीची जुडी घेताय असं समजा. क्यूआर कोडचा प्लास्टिकचा पत्रा सुतळीने तराजूशेजारी टांगलेला असतो, पाण्याच्या शिंतोड्यांनी ओला, उन्हाने फिका पडलेला. चमक येत असेल तर हाताची सावली धरा आणि फोन वीतभर लांब न्या, लगेच पकडतो. पडद्यावर नाव येईल, बहुधा ते दुकानाचं नसतं. मावशी भाजी विकत असतात आणि नाव त्यांच्या सुनेचं येतं. म्हणून पैसे पाठवण्याआधी मोठ्याने विचारा, "सुनीता नाव येतंय, बरोबर?" त्या "हो, हो" म्हणाल्या की पंधरा रुपये टाका, मग पिन. विचारायची ही सवय फार कामाची आहे. मूळ कोडवर दुसऱ्याच कोडचा कागद चिकटवून पैसे लाटणारे भामटे असतात, आणि नाव विचारलं की विक्रेत्याचंही नुकसान वाचतं.

त्यानंतर लगेच निघू नका. काउंटरवर छोटा स्पीकर असेल तर तो रक्कम बोलून दाखवेल, पुष्कळ ठिकाणी मराठीत. स्पीकर नसेल तर फोनचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवा. गर्दीच्या वेळी विक्रेत्याला खात्री झाल्याशिवाय पाय काढणं बरं दिसत नाही.

पिन टाकताना फोनवर हात धरा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी "तूच टाक माझा पिन" म्हणत फोन नातवाच्या हातात देऊ नये. घरी बसून दहा-दहा रुपये आपसात पाठवून बघा, दोन दिवसांत हात बसतो.

पैसे गेले, पण पोचले नाहीत

घाईत दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. आधी ॲपमधला इतिहास उघडा आणि व्यवहार यशस्वी, अयशस्वी की प्रलंबित ते बघा. प्रलंबित असेल तर त्या वेळेपुरते रोख देऊन मोकळे व्हा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक जपून ठेवा, बँक पहिल्यांदा तोच विचारते. खात्यातून वजा झालेले पण समोर न पोचलेले पैसे परत येण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलेली आहे. माणसाने माणसाला पाठवले असतील तर व्यवहारानंतर १ दिवस, दुकानदाराला दिले असतील तर ५ दिवस. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. परतीचं विमान जवळ आलं म्हणून तक्रार सोडून देऊ नका, ती ॲपमधून परदेशातूनही करता येते.

फसवणूक

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे एक वाक्य पाठ असू द्या. "तुम्हाला परतावा पाठवतोय, फक्त पिन टाका" असं म्हणणारा चोर असतो. माणसांनी एकमेकांकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण खोटे क्यूआर कोड आणि खोट्या लिंका अजून येतातच.

परदेशातून आलेल्यांना गाठायची एक ठरलेली पद्धत आहे. "बँकेतून बोलतोय, तुमच्या एनआरओ खात्याचं केवायसी संपलंय, आज रात्री खातं बंद होईल." मग एखादं ॲप उतरवायला सांगतात, ज्यातून तुमचा पडदा त्यांना दिसतो. फोन ठेवा आणि पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. इंटरनेटवर शोधून मिळालेला ग्राहकसेवेचा नंबर वापरू नका, त्यात खोटे पेरलेले असतात. फसलात तर लाजेपोटी रात्र जाऊ देऊ नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त.

रोख रक्कम हवीच

घाटात, कोकणातल्या आतल्या गावांत, डोंगरावरच्या देवळात नेटवर्क जातं. एसटीच्या वाहकांकडच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण वळणावर सिग्नल गेला तर वाहक तरी काय करणार? दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा वेगळ्या ठेवा. एटीएममधून बहुतेक पाचशेच्याच निघतात, त्या मेडिकलच्या दुकानात किंवा किराणा घेताना मोडून घ्या.

परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढताना "तुमच्या देशाच्या चलनात रक्कम आकारू का" असं मशीन विचारतं. नाही म्हणा, रुपयांतच घ्या, नाहीतर मशीनवाल्याचा महागडा दर लागतो. भारतीय संकेतस्थळांवर तिकिटं काढताना परदेशी कार्ड पुष्कळदा नाकारलं जातं, ते काम घरच्यांकडे सोपवलेलं बरं.

मागच्या फेरीच्या नोटा कपाटात असतील तर बघून घ्या. २०१६ मध्ये बाद झालेल्या जुन्या पाचशे आणि हजारच्या नोटांना आता किंमत नाही. २,००० ची नोट मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली, ती कायद्याने बाद झालेली नाही, पण दुकानदार घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक १९ कार्यालयांत ती जमा करता किंवा बदलता येते. महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत.

परत निघताना

वन वर्ल्डच्या पाकिटात पैसे उरले असतील तर परताव्याची विनंती विमानाच्या दोन-तीन दिवस आधी करा. रक्कम मूळ कार्डावर परत जाते, आणि काही अडलं तर त्यांच्या काउंटरवर जाऊन उभं राहायला वेळ हाताशी असतो. खात्याशी जोडलेलं यूपीआय असेल तर ॲप काढून टाकू नका. सहा महिन्यांतून एकदा तिकडूनच एखादा छोटा व्यवहार करा, आईचं वीजबिल भरा, भाच्याला वाढदिवसाचे शंभर रुपये पाठवा. आयडी चालू राहतो. फोन बदलणार असाल तर जुना विकण्याआधी नव्यावर नोंदणी करून घ्या, आणि डेबिट कार्डाची मुदत संपत आली असेल तर नवं कार्ड कोणत्या पत्त्यावर यायला हवं ते शाखेत सांगूनच निघा.